तोटी नंतरची: एका चांदीच्या भांड्याची तपासणी

काकांनी टॉवेलात गुंडाळलेला जग टेबलावर ठेवला आणि मी पहिल्याच मिनिटाला चूक केली. भांडं नीट हातात घेऊन बघायच्या आधीच ते उलटं केलं आणि बुडावरचे छाप वाचले. चार छाप होते: चालता सिंह, मुकुट घातलेलं बिबट्याचं मुंडकं, जुन्या वळणाचं मोठं 'के' आणि कारागिराची झिजलेली दोन अक्षरं. मी वहीत लिहून टाकलं, "लंडन, १७६५, झाकणाचा जग." पुढचे दोन तास ती ओळ खोडण्यात गेले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. डॉक्टर, सगळी नोकरी इंग्लंडमध्ये. त्यांच्या एक वृद्ध पेशंट वारल्या, तेव्हा घरच्यांनी आठवण म्हणून हा जग त्यांना दिला होता. आता काका मोठं घर सोडून लहान घरात चाललेले, त्यामुळे आवराआवर सुरू होती. एका लिलावघराला त्यांनी फोटो पाठवले होते. तिथून उत्तर आलं, की वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय यादीत घेता येणार नाही. हे उत्तर काकांना लागलं होतं.

"अगं, चांदी खरी आहे ना?"

"खरी आहे, काका."

"आणि छाप?"

"तेही खरेच दिसतायत."

"मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ते मलाही अजून सांगता येत नव्हतं. नुसती हातात आलेली एक शंका होती. जग कानाला धरून उचलला तर तो पुढे झुकत होता. जुना कारागीर भांडं घडवताना तोल बघतोच. भरलेलं भांडं कसं उचललं जाईल हे त्याच्या हाताला माहीत असतं. इथे तोटीकडची बाजू जड लागत होती, आणि तेही रिकाम्या भांड्यात.

छाप काय सांगतात

आधी छापांकडे वळते, कारण काकांचा सगळा भरवसा त्यांच्यावर होता आणि तो चुकीचाही नव्हता. इंग्लंडमध्ये चांदीची परीक्षा सरकारी हुकमानं होते ती १३०० सालापासून. बिबट्याचं मुंडकं तेव्हाचं. पुढे १४७८ मध्ये वर्षाचं अक्षर आलं आणि १५४४ मध्ये चालता सिंह. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. लंडनची वर्षाक्षरं वीस-वीसच्या फेरीत चालत. 'जे' वापरायचं नाही, आणि 'यू'वर फेरी संपवायची. दर फेरीला अक्षराचं वळण आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदलायचा. १७५६ ला जुन्या काळ्या वळणाच्या मोठ्या 'ए'पासून नवी फेरी सुरू झाली. मोजत गेलं की 'के' येतं १७६५ ला. अक्षर तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस बदलायचं, म्हणून काटेकोरपणे लिहायचं तर १७६५-६६.

राजाच्या मुखवट्याचा छाप नव्हता, आणि तो नसणंच बरोबर होतं. तो करभरणीचा छाप १७८४ च्या डिसेंबरपासून लागला आणि १८९० पर्यंत चालला. बिबट्याच्या डोक्यावर मुकुट होता, तेही बरोबर. १८२१ नंतर मुकुट गेला.

कारागिराचं नाव मात्र मी लिहिलं नाही. अक्षरं झिजलेली होती हे एक कारण. दुसरं असं, की १७६० च्या दशकात मोठी भांडी घडवणाऱ्या लंडनच्या कारागिरांची नोंदवहीच आज उपलब्ध नाही. त्या काळातल्या बऱ्याच छापांना पुढे अंदाजानं नावं जोडली गेली आहेत. दोन धूसर अक्षरांवरून एखादं गाजलेलं नाव चिकटवण्याचा मोह मला कळतो, पण ते नाव मग पन्नास वर्षं कागदोपत्री फिरत राहतं.

म्हणजे छापांत खोट काढायला जागा नव्हती. पण छाप सांगतो तो इतकंच, की हा धातू या कचेरीत या वर्षी तपासला आणि पुरेसा शुद्ध निघाला. त्या दिवशी भांड्याचं रूप काय होतं, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

वाया गेलेला अर्धा तास

शंका आली की डोकं आधी नेहमीच्या वाटेनं धावतं. माझं धावलं 'बसवलेल्या छापां'कडे. १७२० पासून इंग्लंडात चांदीच्या भांड्यांवर औंसामागे सहा पेन्स कर होता. तो चुकवायला काही कारागीर युक्ती करत. एखादी छोटी, हलकी वस्तू किंवा नुसती चकती तपासायला पाठवायची, थोडा कर भरायचा, छाप मारून आली की ती मोठ्या भांड्याच्या बुडात डाख लावून बसवायची. मोठ्या भांड्याचा कर वाचला. पुढच्या काळात लबाड लोकांनी हीच युक्ती उलटी वापरली. मोडक्या जुन्या चमच्यावरचे छाप कापून नव्या भांड्यात बसवले.

याची परीक्षा सोपी आहे आणि तिला काही साधन लागत नाही. छापांवर तोंडानं वाफ सोडायची, थंड आरशावर सोडतो तशी. चांदीवर वाफ सारखी धरते. डाखेची धातू वेगळी, त्यामुळे जोडाच्या रेषेवर ती निराळी धरते आणि निराळी उडते. चकती बसवलेली असेल तर तिच्या कडेची बारीक रेघ दोन-तीन सेकंद दिसते आणि जाते. मी वाफ सोडली, भिंग लावलं, पुन्हा सोडली. काका शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "आम्ही पेशंटला करायला सांगायचो ते तू भांड्यावर करतेयस."

रेघ नव्हती. चार छापांच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा खळगा होता. तो कंपासाचा. गोल पत्रा ठोकून भांडं उठवताना कारागीर पुन्हा पुन्हा त्या मध्यावर कंपास टेकवून वर्तुळ जुळवतो. म्हणजे बूड आणि भिंत एकाच पत्र्याची आणि छाप त्याच पत्र्यावर मारलेले.

खरं तर हे मला छाप वाचतानाच सुचायला हवं होतं. तो कर १७५८ मध्येच उठला होता आणि १७८४ पर्यंत परत लागला नाही. १७६५ च्या कारागिराला चकती बसवायचं कारणच नव्हतं. तारखा पाठ असून उपयोग नाही, वेळेला आठवाव्या लागतात.

काटा

मग मी तेच बूड पुन्हा बघायला घेतलं, पण या वेळी छाप सोडून बाकीचं. कडेला, तिरप्या उजेडातच दिसेल असं, सुईनं ओरखडल्यासारखं काही होतं. '२६', मग दोन छोट्या आडव्या रेघा, मग '४'. काकांना ते कुणीतरी किल्लीनं ओरबाडल्यासारखं वाटलं होतं, आणि एकदा त्यांनी ते पॉलिशनं घालवायचाही प्रयत्न केला होता. नशीब, ते गेलं नाही.

ते वजन होतं. भांडं तयार झालं की त्याचं वजन बुडावर खरवडून ठेवायची पद्धत होती. चांदीचा हिशेब वजनावर चाले, आणि नोकराचाकरांच्या हातातून फिरणारी वस्तू पुढे कधीही तोलून ताडून बघता यायची. २६ ट्रॉय औंस ४ पेनीवेट. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, आणि वीस पेनीवेटचा एक औंस होतो. म्हणजे सुमारे ८१५ ग्रॅम.

मी जग काट्यावर ठेवला. ८६१.

इथे थांबून जरा विचार करा. अडीचशे वर्षं घासली, पुसली, पॉलिश केलेली चांदी हलकी होते. जुनं वजन आणि आजचं वजन यांत थोडी घट सापडली तर ती वस्तू अंगानं धडधाकट आहे असं समजायचं. घट फार असेल तर कुणीतरी काहीतरी काढलंय, एखादा कुलचिन्हाचा भाग जास्त खरवडलाय, किंवा झाकण गेलंय. पण वाढ? चांदी आपोआप वाढत नाही. ४६ ग्रॅम सरळसरळ जास्त, आणि त्यात झिजेची घट मिळवली तर बाहेरून आलेली भर त्याहूनही मोठी.

"म्हणजे कुणीतरी चांदी घातलीय यात," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी खुशी होती. जास्त चांदी म्हणजे जास्त मोल, असा साधा हिशेब.

"घातलीय. कुठे ते बघू."

आतली बाजू

झाकण उघडून आत टॉर्च मारला. आतून भांड्याकडे कुणी बघत नाही, म्हणून आतली बाजू खोटं बोलत नाही. लपवाछपवी करणाराही बाहेरचंच सजवतो.

तोटीच्या मागे भिंत पूर्ण होती. तोटीसाठी भिंत कापून मोकळी केलेली नव्हती, नुसती भोकं पाडली होती. एकोणीस भोकं, तीन ओळींत, आणि ओळी सरळही नव्हत्या. भोकांच्या कडा हाताला धारदार लागत होत्या. पहिल्यापासून जग म्हणून घडवलेल्या भांड्यात त्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असत्या. त्याहून बोलकी गोष्ट काठाशी होती. भांड्याच्या काठाला बाहेरून एक नाजूक गोट फिरवलेला आहे, दोन रेघा आणि मधे गोलवा. तो गोट तोटीच्या मागूनही तसाच पुढे जातो. तोटीच्या कडेतून डोळा लावला की दिसतो. जिथे तोटी झाकून टाकणार तिथे एवढ्या मेहनतीचा गोट कोण काढेल? ज्याला तोटी येणार आहे हे ठाऊकच नाही, तो.

आता बाकीच्या गोष्टी आपापल्या जागी बसू लागल्या. पोटाला फुगीर, मानेला किंचित आवळलेलं अंग, कमरेला एक पट्टा, खाली पसरट बैठक, घुमटासारखं झाकण, बिजागरीवर अंगठ्यानं दाबायचा जाळीदार खटका, आणि एस अक्षरासारखा वळलेला पोकळ चांदीचा कान. हे टँकार्ड आहे. एल (बिअरचाच एक प्रकार) किंवा बिअर प्यायचं, झाकणाचं, थेट ओठाला लावायचं भांडं. झाकण नसतं तर त्याला इंग्रजीत 'मग' (mug) म्हटलं असतं. कानानंही तेच सांगितलं. गरम पाण्याच्या किंवा कॉफीच्या भांड्याला त्या काळी लाकडी मूठ लावत किंवा कानात हस्तिदंताच्या चकत्या घालत, कारण चांदी उष्णता झटकन वाहते आणि हात भाजतो. बिअर ओतायच्या जगाला चांदीचाच कान असतो, पण त्याला सहसा झाकण नसतं. झाकण, खटका आणि अखंड चांदीचा कान हे तिन्ही एकत्र म्हणजे थंड पेय आणि एकाच्या हातातलं भांडं.

कानाच्या तळाशी एक बारीक भोक आहे. काकांना त्यांच्या पेशंटबाईंनी सांगितलं होतं, की टँकार्ड रिकामं झालं की त्यातून शिट्टी मारून आणखी बिअर मागवत. ही गोष्ट इंग्लंडात घरोघरी ऐकायला मिळते आणि ती निखालस थाप आहे. पोकळ कान दोन तुकड्यांचा असतो. डाख देताना आतली हवा तापून फुगते, तिला वाट हवी, नाहीतर जोड फुटतो. त्यासाठीच ते भोक. मी हे सांगितल्यावर काकांनी लगेच तोंड लावून पाहिलं. शिट्टी वाजली नाही.

कानाच्या पाठीवर तीन अक्षरं कोरलेली आहेत, त्रिकोणात. वर डब्ल्यू, खाली डावीकडे आय, उजवीकडे एम. वरचं आडनावाचं, खालची नवराबायकोची, अशी तेव्हाची रीत. त्यातला 'आय' बहुतेक 'जे'च्या जागी आहे, कारण तेव्हा कोरताना ही दोन अक्षरं वेगळी मानत नसत. जॉन किंवा जेम्स, आणि एखादी मेरी किंवा मार्गारेट. याहून पुढे जाणं म्हणजे गोष्ट रचणं.

फुलं

या जगाकडे बघताना आधी डोळ्यात भरतात ती फुलं. अंगभर उठावाचं काम आहे: गुलाब, वेलबुट्टी, शिंपल्यासारखे वळसे, आणि पुढच्या बाजूला तोटीखाली एक रिकामी चौकट. काकूंना तेच सगळ्यात आवडायचं. मला ते सांगताना जड गेलं, की १७६५ च्या त्या कारागिराचा या फुलांशी काही संबंध नाही. त्या काळची इंग्लिश टँकार्डं बहुतेक साधी असत. सगळी शोभा अंगाच्या वळणात आणि कोरलेल्या कुलचिन्हात. साधी जुनी चांदी पुढे 'सपक' वाटू लागली, तेव्हा १८३० नंतरच्या काळात ती ढिगानं नक्षीकाम करणाऱ्यांकडे गेली.

फुलं आणि तोटी यांचं नातं मला सगळ्यात मनोरंजक वाटलं. तोटीच्या बुडाशी एक पान आहे. त्याचं टोक सरळ वर जायचं ते तोटीपाशी येऊन डावीकडे वळतं, गर्दीत वाट काढणाऱ्या माणसासारखं. म्हणजे नक्षी करणाऱ्यासमोर तोटी आधीच होती, किंवा ती कुठे बसणार हे त्याला माहीत होतं. शिवाय तोटीच्या अंगावरचा वळसा आणि भांड्यावरचा वळसा एकाच हातच्या ठोक्यांचे. दोन्ही कामं एका बैठकीतली. फुलांच्या धाटणीवरून एकोणिसाव्या शतकाचा मधला भाग म्हणता येईल. नेमकं साल लिहिणार नाही.

मग वाफेची युक्ती पुन्हा केली, या वेळी तोटीच्या दोन्ही बाजूंना. टँकार्डावर कुलचिन्ह कोरायची जागा ठरलेली असते, कानाच्या बरोबर समोर. म्हणजे आता जिथे तोटी आहे तिथे. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मी दिवा खाली आणला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर, आणि पुन्हा वाफ सोडली. उजव्या बाजूला, एका गुलाबाच्या पाकळीखालून, कोरलेल्या रेघांचा एक झुपका उमटला. कुलचिन्हाभोवती काढतात त्या पिसांसारख्या पानांचा शेवटचा फाटा. गुलाब त्याच्यावरून ठोकला होता. वाफ उडाली, रेघा गेल्या. काकांनी स्वतः तीनदा करून बघितलं आणि तिसऱ्यांदा त्यांनाही दिसलं. ते कुलचिन्ह कुणाचं होतं हे आता कळायचं नाही. ढाल नेमकी तोटीच्या आणि भोकांच्या खाली गेली.

एक चाचणी मात्र मी केली ती न करताही चाललं असतं. काठापर्यंत पाणी भरून मोजायचं. भोकं मेणानं बुजवून मोजलं तर ११४५ मिलिलीटर. एलचा जुना क्वार्ट (द्रव मोजायचं इंग्लिश माप) ११५५ चा, १८२४ च्या कायद्याचा इम्पीरियल क्वार्ट ११३७ चा, आणि आमचा आकडा बरोबर मध्ये. शिवाय नक्षीकामानं भिंत कुठे आत गेलीय, कुठे बाहेर आलीय. पुरावा शून्य, फडकं ओलं.

झाकणही तपासलं. आतल्या बाजूला चांगले छाप आहेत आणि वर्षाक्षर तेच 'के'. ही आनंदाची गोष्ट, कारण झाकणं हरवतात आणि बदलली जातात. तोटीवर एकही छाप नाही.

हे कुणी आणि का केलं

काकांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे फसवणूक?"

मला तसं वाटत नाही. फसवणारा माणूस तोटी जुनी वाटावी म्हणून काहीतरी करतो. छाप उमटवतो, जोड लपवायला वरून विजेनं चांदीचा मुलामा चढवतो (ही कला १८४० पासूनची). इथे मुलामा नाही. पॉलिश जिथे जास्त झालंय, कमरपट्ट्यावर आणि खटक्यावर, तिथे खालचा जांभळट करडा आगीचा डाग दिसतो. स्टर्लिंगमध्ये तांबं असतं, ते तापवताना पृष्ठाखाली काळवंडतं आणि वरचा शुद्ध थर झिजला की वर येतं. मुलाम्याखाली तो डाग झाकला गेला असता. जोड उघडे आहेत, भोकं ओबडधोबड आहेत. घरच्या माणसाला वापरायला दिलेलं काम आहे हे.

आणि वापर बदलला होता. सकाळी एल पिणारं इंग्लंड अठराव्या शतकात चहाकडे वळलं, आणि जेवणात काच आली. आजोबांचं चांदीचं टँकार्ड कपाटात पडून राहिलं. वितळवायला जीव होत नाही, वापरायला जमत नाही. मग सोनाराकडे नेऊन तोटी लावून घ्यायची, म्हणजे तेच टेबलावर पाण्याचा किंवा बिअरचा जग म्हणून मिरवतं. एखाद्या बाईनं आजीची पैठणी फाडून परकर-पोलकं शिवावं तसंच. पैठणी गेली याचं दुःख आपल्याला, तिला नव्हतं.

यात माझं मत स्वच्छ नाही हे कबूल करते. पेशा म्हणून मला त्या गुलाबांचा राग येतो. साध्या टँकार्डाच्या पोटावरून उजेड एका सलग रेषेत घसरतो, आणि या नक्षीनं तो उजेड तुकडे तुकडे करून टाकलाय. माझ्या टेबलावर नेहमी एक टंबलर कप असतो. छोटा, बैठक नसलेला, एकाच पत्र्यातून उठवलेला. बूड जाड आणि गोल, म्हणून कलंडला की आपोआप उभा राहतो. त्यावर नक्षीची एक रेघ नाही. डोळा बिघडलाय असं वाटलं की मी तो हातात घेते. काकांना तो दिला तर त्यांनी दहा-बारा वेळा बोटानं ढकलून उभा राहताना बघितला, मग आपल्या जगाकडे पाहिलं, आणि तरीही म्हणाले, "आमची फुलं मला आवडतात." त्यावर काय बोलणार. त्या जगातून त्यांनी चाळीस वर्षं ख्रिसमसला पाणी ओतलंय.

कायद्याची बाजू

भावना बाजूला, पण वस्तू लिलावात द्यायची तर ब्रिटनचा १९७३ चा हॉलमार्क कायदा आडवा येतो. छाप असलेल्या वस्तूत तपासणी कचेरीच्या लेखी संमतीशिवाय भर घालणं किंवा तिचं रूप बदलणं या कायद्यानं गुन्हा आहे. भांड्याच्या बुडावरचे खरे छाप तोटीची जबाबदारी घेत नाहीत, आणि तोटी मात्र त्यांच्या आडोशानं १७६५ ची म्हणून खपू शकते. लिलावघरानं फोटोवरून का हात राखला, हे आता काकांना कळलं. तिथल्या कुणीतरी ती तोटी ओळखली असणार.

अशा वस्तूंसाठी लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीत, म्हणजे सोनारांच्या जुन्या संघात, एक समिती आहे, अँटिक प्लेट कमिटी. संशयित जुनी चांदी तिच्यापुढे जाते. आम्ही दोन वाटांवर बोललो. एक म्हणजे संमती घेऊन तोटी काढायची, भोकं बुजवायची आणि टँकार्ड परत टँकार्ड करायचं. ऐकायला बरं वाटतं, पण एकोणीस भोकांची ठिगळं, तापवल्यावर आजूबाजूच्या नक्षीचं होणारं नुकसान, आणि शेवटी हाती काय? फुलांनी भरलेलं, ठिगळांचं टँकार्ड. ते ना १७६५ चं, ना १८५० चं, ना आजचं. दुसरी वाट म्हणजे आहे तसं मान्य करायचं. तोटीची चांदी तपासून घ्यायची, ती स्टर्लिंगला उतरली तर तिच्यावर आजचे छाप मारून घ्यायचे. मी दुसऱ्या बाजूनं होते. काका तर होतेच.

धातूचं क्ष-किरण पृथक्करण मी आधी करून घेतलं नाही, याबद्दल मला नंतर एका सहकाऱ्यानं विचारलं. जुन्या चांदीत सोन्याशिशाचे अंश जास्त राहतात आणि विजेनं शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत ते जवळजवळ नसतात, म्हणून ही चाचणी विसाव्या शतकातली बनावट वस्तू पकडायला फार कामाची. पण आमची तोटी विजेच्या शुद्धीकरणाच्या आधीची असण्याची शक्यता जास्त. यंत्राला भांडं आणि तोटी यांत मोठा फरक दिसलाच असता असं नाही. काटा, टॉर्च आणि वाफ यांनी जे सांगितलं त्यात त्यानं भर पडली नसती.

काही महिन्यांनी जग परत आला. तोटीची चांदी उतरली होती. तिच्या कडेला आता नवे, मुंगीएवढे छाप आहेत, त्यात ९२५ चा आकडा आणि बिबट्याचं मुंडकं. या बिबट्याला मुकुट नाही. शेजारी समितीच्या प्रकरणाचा क्रमांक. बुडावरचा मुकुटवाला बिबट्या आणि तोटीवरचा बिनमुकुटाचा, दोघे एकाच भांड्यावर.

वर्णन मी असं लिहून दिलं: "चांदीचं झाकणाचं टँकार्ड, लंडन, १७६५-६६, कारागिराचा छाप झिजलेला. नंतर जगात रूपांतर: नंतरची तोटी, आधुनिक छापांसह, आणि अंगावर नंतरचं उठावाचं नक्षीकाम. मूळ कुलचिन्हाचा फक्त अंश शिल्लक. कानावर त्रिकोणी मांडणीत तीन अक्षरं. बुडावर खरवडलेलं वजन २६ औंस ४ पेनीवेट, सध्याचं वजन ८६१ ग्रॅम."

काकांनी ते वाचलं. "तीन वेळा 'नंतर' लिहिलंयस."

"तीनदाच झालंय ते, काका. तोटी, फुलं, आणि आत्ताचे छाप."

त्यांनी अजून जग लिलावाला दिलेला नाही. नव्या घरात तो स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे असं सुनेनं सांगितलं. मी एवढंच बजावलंय, की कानावरची अक्षरं आणि बुडावरचं वजन यांना पॉलिशचा बोळा लावायचा नाही. चांदी काळी पडली तर पडू दे, ती गंधकाची पुटं आहेत, मऊ कापडानं निघतात. डबीतल्या द्रवात तर बुडवायचंच नाही.

"आणि कामवाल्या बाईंनी घासलं तर?"

"तर आधी त्यांना काट्यावर ठेवायला सांगा. आठशे एकसष्ट."

"बाईंना?"

"जगाला, काका."